प्रूफ मागायचं नसतं

मास्तरांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि ते पत्र जाडजूड शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात सात वर्षं पडून होतं. एरवी ते उलट टपाली उत्तर देत. विमा कंपनीकडून वाढदिवसाचं छापील शुभेच्छापत्र आलं, तर त्यालाही त्यांनी आभाराचे चार शब्द लिहून पाठवले होते, आणि त्यावरून बायकोने त्यांना महिनाभर छळलं होतं. पण हे पत्र राहून गेलं.

पत्र होतं एवढंसंच.

"चष्म्या, पुस्तक झालं. चाळीस वर्षं लोकांची जुळवली, आता एक स्वतःचं जुळवलं. जावयाने मला त्याचा जुना कॉम्प्युटर देऊन टाकलाय, त्यावर. सोबत फ्लॉपी आहे, तिच्यात सगळं आहे. तू वाच. तुझं 'छापावे' आलं की छापायला देईन, त्याआधी नाही. घाई नाही. खिळ्या."

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. ते एका छापखान्यात प्रूफं तपासायचे. हातात सदा लाल शाईचं पेन आणि चेहऱ्यावर कायम कुणाचा तरी पेपर तपासत असल्याचा भाव, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. चष्म्या म्हणणारा माणूस जगात एकच. तो शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचा, म्हणून तो खिळ्या. दोघांची टेबलं समोरासमोर होती. एकाने ओळी लावायच्या, दुसऱ्याने त्यातल्या चुका काढायच्या, आणि तरीही दुपारचा डबा एकत्र खायचा, असं तीस वर्षं चाललं. याला मैत्री म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

त्या छापखान्यात दोन नियम होते. पहिला भिंतीवर लिहिलेला होता: मास्तरांनी पानाच्या कोपऱ्यात 'छापावे' लिहून सही केल्याशिवाय पान मशीनवर चढायचं नाही. दुसरा कुठेच लिहिलेला नव्हता, पण जास्त कडक होता. प्रूफ मागायचं नाही. घाईने वाचलेलं प्रूफ चुका पोटात घेऊन परत येतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. नवा कुणी मास्तरांच्या टेबलापाशी येऊन "झालं का हो?" म्हणाला, की खिळ्या तिथूनच ओरडायचा, "अरे, प्रूफ मागायचं नसतं! ते येतं."

आता फ्लॉपी. तळहाताएवढी काळी चौकोनी वस्तू, वर पत्र्याची सरकती पट्टी. मास्तर ती घेऊन कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले होते. काउंटरवरच्या माणसाने ती उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "आजोबा, ही घालायची खाच असलेली मशिनं आता गेली." मास्तर "बरं" म्हणाले आणि परत आले. 'वाचता येत नाही, कागदावर पाठव' एवढं लिहिलं असतं तरी काम भागलं असतं. मास्तरांनी ते लिहिलं नाही. त्याला कारण होतं.

नोकरीच्या अगदी शेवटी भूमितीच्या एका पाठ्यपुस्तकात दोन आकृत्यांची अदलाबदल झाली होती. वर्तुळाच्या जागी चौकोन, चौकोनाच्या जागी वर्तुळ. पानाच्या कोपऱ्यात मास्तरांची सही होती. मग शुद्धिपत्राची चिठ्ठी छापली आणि बाइंडरने ती प्रत्येक प्रतीत चिकटवली. मास्तरांना कुणी चकार शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांनी कुठल्याच कागदावर 'छापावे' लिहिलं नव्हतं. तेव्हा खाच असलेली मशिनं गेली, हे ऐकून त्यांना, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं होतं. वाचता येत नाही म्हणून सही करता येत नाही. आपण होऊन टाळलं असं नाही.

हे असंच चालू राहिलं असतं, पण गेल्या आठवड्यात औषधाच्या दुकानात रांगेत बाइंडर भेटला. पूर्वीइतकाच मोठ्या आवाजात बोलणारा, फक्त आता काठी टेकत.

"मास्तर! अजून आहात तर!"

"आहे बाबा."

"परवा खिळ्याकडे जाऊन आलो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. बाकी ठणठणीत. जीभ तर विचारूच नका."

मास्तर रांगेत एक पाऊल पुढे सरकले. "काय म्हणतो?"

"काय म्हणणार? त्याचं ते पुस्तक. मी म्हटलं, छाप ना बाबा एकदाचं, मी फुकट बांधून देतो. तर म्हणतो, प्रूफ गेलंय, येईल. मी म्हटलं, अरे कधी? तर माझ्यावरच डाफरला. प्रूफ मागायचं नसतं म्हणे!" बाइंडर खो खो हसला. "घरात वेगळंच महाभारत. लेक म्हणते ते कॉम्प्युटरचं धूड टाकून देऊ, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. हा म्हणतो, पुस्तक त्यातच आहे, प्रूफ येईपर्यंत हात लावायचा नाही. दोघं बापलेक हट्टी. पण लेक या महिनाअखेरीला टाकणारच म्हणतेय. कुणाकडे दिलंय हो त्याने प्रूफ? कोण हा गाढव?"

मास्तरांनी औषधाची चिठ्ठी नीट घडी घालून खिशात ठेवली आणि औषध न घेताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी ते शहराच्या जुन्या भागात, जिथे एका ओळीत पंखे, घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करणारे बसतात, तिथे गेले. ओळीच्या टोकाला एक बाई जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकत असत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर वायरींची भेंडोळी, आणि टेबलावर तारांना डाख देण्याची इवलीशी सळई. बाईंनी कपाळावर भिंग चढवलं होतं.

"खाच असलेला आहे का?" मास्तरांनी दारातूनच विचारलं.

"कसली खाच, काका?"

मास्तरांनी बोटांनी हवेत चौकोन काढला.

"फ्लॉपीची? अगंबाई! आहे एक. पण तो मी विकायला नाही, सुटे भाग काढायला ठेवलाय." त्यांनी टेबलाखालून एक पिवळट पडलेलं खोकं ओढलं. "बसा. बघायचाय ना? मग पोटातून बघा. वरून सगळेच बरे दिसतात."

त्यांनी बाजूचा पत्रा काढला. आत धुळीची लोकरच्या लोकर. त्यांनी ती ब्रशने झाडली, वायर लावली, बटण दाबलं. यंत्र कण्हत कण्हत जागं झालं.

"ऐका. पंखा खोकतोय. ही टिकटिक ऐकू येते? डिस्कची. ती आता जाईल की वर्षभराने, हे तीच जाणे. या गोल डब्या बघा, डोकी फुगलीत. चांगल्या असल्या की सपाट असतात. बदलता येतील, पण मग बाकीचं रुसेल. इंटरनेटला जोडायचा नाही, पहिल्याच दिवशी रोगराई. आणि हे बघा, तारीख."

पडद्याच्या कोपऱ्यात वीस वर्षांपूर्वीची एक जानेवारी होती.

"घड्याळाचा सेल मेलाय. रोज चालू केला की याच्या मते आज तोच दिवस."

मास्तर त्या तारखेकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी वही काढली, मधोमध रेघ मारली, एका बाजूला 'घ्यावा' आणि दुसऱ्या बाजूला 'न घ्यावा' असं लिहिलं आणि बाई सांगत गेल्या तसं टिपत गेले.

"काय करायचंय काका तुम्हाला यावर?"

"वाचायचंय."

"काय?"

"असंच. एक... मजकूर."

"मग दुसरा बघा. हा जरा नवा आहे, पाच-सहा वर्षं आरामात जाईल. याला मी हमी देते. त्याला माझी आई सांगायला आली तरी देणार नाही."

"पण याला खाच नाही."

"नाही."

"मग तोच. म्हणजे... विचार करून सांगतो."

बाईंनी भिंग डोळ्यांवर ओढून मास्तरांकडे पाहिलं, जणू त्यांच्याही आत काही फुगलेलं दिसतंय का ते बघावं तसं. "करा विचार. तो काही कुठे पळून जात नाही. त्याला पळवायला कोण येतंय?"

विचार करणं हे मास्तरांचं जुनं दुखणं. रात्री जेवताना मुलाचा फोन आला. त्याला त्यांनी आडून आडून विचारलं. मुलगा म्हणाला, "बाबा, भंगार घरात आणू नका. नवा मीच घेऊन देतो." मास्तर म्हणाले, "नवा नको." मुलगा म्हणाला, "आईला द्या फोन."

सकाळी बायकोने चहाच्या कपाशेजारी त्यांची वही उघडून ठेवली होती.

"काय हो, 'न घ्यावा'ची यादी पान उलटून पलीकडे गेलीय. खोकतो काय, टिकटिकतो काय, रोगराई काय. मुलीला आलेल्या स्थळाची चौकशी म्हणावी तर आपल्याला मुलगी नाही. आणि 'घ्यावा'खाली एकच शब्द. खाच. हे काय प्रकरण आहे?"

"कॉम्प्युटर. जुना."

"ते कळलं. तुम्हाला साधा मोबाइल दिला तर दोन दिवस तो डब्यात ठेवला होतात. आता कॉम्प्युटर कशाला?"

मास्तरांनी वही मिटली. बायको उठली, शब्दकोशाचा दुसरा खंड काढला आणि टेबलावर धाडकन ठेवला. पाकिटाचा कोपरा बाहेर डोकावत होता.

"यासाठी ना?"

"तुला ठाऊक आहे?"

"सात वर्षं मी हा कोश झटकतेय. पत्र पडायचं, मी परत घालायची. दर वेळी त्याच पानात, तुम्हाला कळू नये म्हणून."

"मग कधी विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही आणखी सात वर्षं घेतली असती. मला काय तुमचा स्वभाव नवा आहे?"

तेव्हा मास्तरांनी सगळं सांगितलं. भूमितीचं पुस्तकही. ते तिला माहीत असणारच असं त्यांना वाटत होतं, पण तिला ठाऊक नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, वर्तुळाच्या जागी चौकोन छापला म्हणून कुणाचं वर्तुळ चौकोनी झालं का? चला, चपला घाला."

"कुठे?"

"खाचेकडे. आणि ती फ्लॉपी घ्या. यंत्र घ्यायच्या आधी त्यात ती चालते का, एवढं तरी बघाल की नाही? तुम्ही आणि तुमचा विचार!"

खरंच, हे मास्तरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. छापखान्यातली सवय. कागद आपल्या टेबलावर येईल, आपल्या दिव्याखाली, तेव्हाच तो वाचायचा. दुसऱ्याच्या दुकानात उभ्या उभ्या मित्राचं पुस्तक उघडायचं, हे त्यांना कसं सुचावं?

दुकानात बायकोनेच तोंड उघडलं. तीन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. मास्तरांना तेवढ्याला तीन दिवस लागले असते. बाई ऐकत होत्या तसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

"काका, मग कालच सांगायचं ना! त्यासाठी यंत्र कशाला विकत घ्यायचं? आणा इकडे."

त्यांनी खाचेत फुंकर मारली, कापूस फिरवला, स्वतःची एक जुनी फ्लॉपी घालून चालते का ते आधी पाहिलं. मग मास्तरांची घेतली, पत्र्याची पट्टी दोनदा सरकवली आणि हलकेच आत ढकलली. खट्. यंत्र गुरगुरलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि खिशातलं लाल पेन चाचपलं. ते त्यांनी येताना का घेतलं होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पडद्यावर एक चित्र आलं. छोटासा कागद, खाली लिहिलेलं 'पुस्तक'. कागदाच्या कोपऱ्यात इवलासा वाकडा बाण.

"आलं!" बायको म्हणाली.

बाई पडद्याकडे वाकल्या. त्यांनी त्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर एक चौकट आली. त्यांनी ती घालवली, दुसरं काहीतरी उघडून पाहिलं आणि खुर्चीला टेकून बसल्या.

"काय झालं? खराब झाली?" मास्तरांचा आवाज चिरकला. "मी ती कोशात ठेवली होती. जाड कोश आहे. दाबून..."

"नाही हो काका. फ्लॉपी ठणठणीत आहे. तुम्ही छान ठेवलीत. पण यात पुस्तक नाही."

"म्हणजे?"

"हा बाण बघितलात? कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपण सोयीसाठी एक चित्र ठेवतो. त्यावर टिचकी मारली की पुस्तक उघडतं. पण पुस्तक असतं आत, भलतीकडेच. हे चित्र म्हणजे नुसता पत्ता. तुमच्या मित्राने पुस्तक समजून पत्ताच फ्लॉपीत घातला. त्याच्या यंत्रावर टिचकी मारली तर पुस्तक उघडणारच, तेव्हा त्याला काय कळणार? त्या काळी पुष्कळ जण असं करायचे. माझ्या सासऱ्यांनी असाच पत्ता पाठवून नोकरीचा अर्ज केला होता."

"म्हणजे आत काहीच नाही?"

"आहे ना. पुस्तक कुठे ठेवलंय, ते लिहिलंय. अमुक कप्प्यात, अमुक नावाने. आणि तारीख. बस्स."

खोलीत पंखा खोकत होता. मास्तर उभे होते ते हळूच स्टुलावर बसले. सात वर्षं. सात वर्षं आपण एका न वाचलेल्या पुस्तकाची लाज बाळगली, आणि वाचायला त्यात एक ओळ नव्हती. आणि तिकडे तो, एक डोळा बांधलेला, धुडाशेजारी बसून सही येण्याची वाट पाहतोय. त्याने पाठवलं नाही, आपण वाचलं नाही. त्याने विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. दोघांनीही नियम पाळला, अगदी काटेकोर.

पहिल्यांदा हसली ती बायको. तोंडाला पदर लावून, पण खांदे हलत होते. "अहो, चाळीस वर्षं एकेक खिळा उचलून लावणारा माणूस, आणि शेवटी पुस्तकच लावायला विसरला!" मग बाई हसल्या. मास्तर सगळ्यांत शेवटी हसले, आणि हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला.

"मग यंत्राचं काय करायचं?" बाईंनी विचारलं. "खरं सांगू का? घेऊ नका. त्यांच्या यंत्रात पुस्तक असेल तर कुणालाही सांगून दोन मिनिटांत कागदावर काढून घेता येईल. तुम्ही कागदावरचेच ना?"

"कागदावरचाच," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून, संकोचत, "पण महिनाभर भाग काढू नका याचे. ठेवाल?"

"का?"

"तो खिळ्या आहे. कागदावर पाठव म्हटलं तर रागाने परत फ्लॉपीच पाठवेल."

बाईंनी एक चिठ्ठी लिहून खोक्यावर चिकटवली: 'काकांसाठी राखीव'. पैसे विचारले तर म्हणाल्या, "कसले? पुस्तक छापलं की एक प्रत द्या."

घरी आल्यावर मास्तर टेबलाशी बसले. पहिला कागद माफीतच भरला. दुसऱ्यात सात वर्षांची हकिकत सुरू झाली आणि तिसऱ्या वर्षापाशी अडली. तिसरा बायकोने खांद्यावरून वाचला.

"हे काय, प्रस्तावना लिहिताय की पत्र? महिनाअखेर चार दिवसांवर आलीय. त्याच्या लेकीने तेवढ्यात यंत्र टाकलं म्हणजे?"

"फोन करू का?" मास्तर घाबरत म्हणाले. फोनवर बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे.

"लेकीला मी करते. ते यंत्र कोपऱ्यात राहू दे म्हणावं, बस्स. बाकीचं तुमचं तुम्ही लिहा. त्याने पत्रच पाठवलं होतं ना?"

ती आतल्या खोलीत फोनवर बोलत होती, तेवढ्यात मास्तरांनी चौथा कागद घेतला आणि एका दमात लिहिला.

"खिळ्या, तुझ्या फ्लॉपीत पुस्तक नाही, पुस्तकाचा पत्ता आहे. हे मला आज कळलं, सात वर्षांनी, कारण मी ती आजवर उघडूनच पाहिली नव्हती. तो गाढव मी. बाइंडरला सांग.

भूमितीच्या पुस्तकातली चूक माझी होती, हे तुला ठाऊक आहे. तरीही माझंच 'छापावे' हवं असेल, तर कुणाकडून तरी पुस्तक कागदावर काढून घे आणि पाठव. मी लाल शाई भरून ठेवली आहे. हाताला थोडा कंप आहे, पण खूण कळेल.

प्रूफ मागायचं नसतं, हे मीही जाणतो. पण मी मागतो आहे. घाई आहे. चष्म्या."

त्यांनी ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला घेतलं, पण मग वाचलं नाही. कोपऱ्यात 'छापावे' लिहायला हात शिवशिवला, तोही आवरला. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, चपला घातल्या.

"येतो गं," त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून म्हटलं. "पेटी चारला उघडतात."

पेटी रस्त्याच्या वळणावर होती, लाल, तोंडाशी रंग उडालेला. मास्तरांनी पत्ता पुन्हा एकदा तपासला, पाकीट खाचेत धरलं, क्षणभर घट्ट, आणि सोडून दिलं. आत कुठेतरी ते दुसऱ्या पत्रांवर पडल्याचा आवाज आला. समोरच्या दुकानातल्या घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं कमी होती. पेटी उघडणारा येईपर्यंत मास्तर तिथेच, भिंतीला टेकून, उभे राहिले.